पिवळी मिनिटं

पट्ट्या एकूण एकशे वीस. चालू स्थितीत एकशे अकरा, चार्जच न होणाऱ्या पाच, कपाळाला टेकणाऱ्या काचेला तडा गेलेल्या तीन, आणि एक गहाळ. पळसमाळ विद्यालयाच्या मुख्याध्यापिका ज्योत्स्ना पिसे यांनी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः मोजल्या, एकदा सरळ आणि एकदा उलट, आणि मगच नोंदवहीवर सही केली. गहाळ पट्टीचा पत्ता दुपारपर्यंत लागला. दहावीतल्या एका मुलीच्या आजोबांनी ती घरी ठेवून घेतली होती. टीव्हीवरच्या बातम्या आपल्याला कितपत कळतात, हे त्यांना बघायचं होतं. पट्टीवरचा दिवा सगळा वेळ करडा राहिला, असं नातीने सांगितलं.

पिसे बाईंना मोजून घ्यायची सवय होती आणि त्या सवयीचा त्यांना अभिमानही होता. शाळेत चारशे अठरा मुलं, चौदा शिक्षक, छपरावर बावीस सौर तावदानं. माणदेशातल्या त्या उघड्याबोडक्या माळावर सव्वीस वर्षांपूर्वी त्या रुजू झाल्या तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. आता दहावीचा निकाल पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली आला तर गावात चर्चा होई. त्या मुख्याध्यापिका झाल्या तरी गणिताचा एक वर्ग त्यांनी सोडला नव्हता. सातवी 'अ'ला त्याच शिकवत. अवघड गोष्ट सोपी करून सांगावी तर पिसे बाईंनी, असं आसपासच्या पाच गावांत म्हटलं जाई. ऋण संख्यांच्या गुणाकारासाठी त्यांनी एक ओळ तयार केली होती: 'सारखं-सारखं अधिक, वेगळं-वेगळं उणे.' ती ओळ आता पालक झालेल्या लोकांनाही पाठ होती. किराणा दुकानदार ती माप घालताना गुणगुणत असे.

आणि या वर्षी तो सोपेपणा मोजला गेला होता.

पट्टीचं काम समजायला फार कठीण नाही. कपाळाच्या हाडामागे मेंदूचा जो भाग आहे तो आपण डोकं चालवतो तेव्हा जास्त रक्त मागतो. लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडीतून आणि हाडातून दोनेक सेंटिमीटर आत जातो. प्राणवायू असलेलं रक्त तो वेगळ्या प्रमाणात शोषतं आणि नसलेलं वेगळ्या. परत आलेला प्रकाश मोजला की आत किती काम चाललंय याचा अंदाज येतो. एवढं बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. नवा शोध पुढचा होता. काम थांबतं तेव्हा रक्ताचा ओघ उतरतो, पण तो उतरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कळलं म्हणून थांबलेला मेंदू हळूहळू, आठ-दहा सेकंदांत निवतो. कंटाळून सोडून दिलेला मेंदू दोन-तीन सेकंदांत धाडकन खाली येतो. हा फरक पट्टीला ओळखता येऊ लागला आणि वर्गातल्या प्रत्येक डोक्याला रंग मिळाला. निवांत असेल तर हिरवा, धडपड चालू असेल तर पिवळा, सोडून दिलं असेल तर करडा.

राज्यातल्या दोनशे चौदा शाळांत आकलन प्रकल्प सुरू झाला तो यावरच. प्रत्येक तासिकेतली हिरवी मिनिटं मोजायची, ती वाढवायची, आणि त्याप्रमाणे पुढच्या वर्षाचं नियोजन करायचं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पिसे बाईंच्या सातवी 'अ'ची हिरवी मिनिटं सरासरी एकतीस भरली. दोनशे चौदा शाळांत इतकी कुणाचीच नव्हती. मार्चच्या चाचणीत त्यांच्या सदतीस मुलांना सरासरी एक्क्याऐंशी गुण पडले. प्रकल्पाने कळवलं की बाईंच्या तासिकांचं चित्रण करून ते सगळ्या शाळांत दाखवण्याचा विचार आहे. बाईंनी ते पत्र घरी नेऊन नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचायला लावलं.

नियोजनाची बैठक बारा एप्रिलला झाली. संस्थेचे सचिव विलासराव रूपनवर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते स्वतः आले होते. प्रकल्पाच्या समन्वयक ऋजुता देवस्थळी पुण्याहून आल्या होत्या. भिंतीवर शाळेचं वर्षभराचं वेळापत्रक रंगांत उमटलं. भूगोल हिरवा, मराठी हिरवं, विज्ञान हिरवं आणि मध्येमध्ये पिवळं. सातवी 'ब'च्या गणितावर मात्र हळद सांडल्यासारखी दिसत होती. तिथे हिरवी मिनिटं फक्त नऊ.

सातवी 'ब'चं गणित बिरदेव धायगुडे शिकवत. वय सव्वीस, नोकरीचं तिसरं वर्ष, अजून कायम झालेले नव्हते. ते याच शाळेचे विद्यार्थी. दहावीला बाईंनीच त्यांना गणित शिकवलं होतं, बाईंनीच त्यांना बी.एड.ला घातलं होतं, आणि मुलाखतीत संस्थेने कांकूं केली तेव्हा बाईंनीच शब्द टाकला होता.

अण्णांनी बोलायला सुरुवात केली ती हसत हसत. पालक काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं. धायगुडे सर काही सांगतच नाहीत, मुलाने उत्तर दिलं की नुसतं 'मग?' म्हणतात. बरोबर असलं तरी 'मग?', चुकलं तरी 'मग?'. एका पोराने घरी जेवताना आईला सांगितलं, आणखी भाकरी हवी, तर आईने विचारलं, 'मग?' आणि पोर ताटावरून उठलं. सगळे हसले. बिरदेवही हसले, जरा उशिरा.

मग ऋजुताताईंनी प्रकल्पाच्या संगणकाने सुचवलेला आराखडा मांडला. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांना गणित पिसे बाईंच्या चित्रित तासिकांतून शिकवावं. धायगुडे सरांना गणितातून मोकळं करून ग्रंथालय आणि क्रीडा द्यावं. त्यांच्या तासिकेतला ताण अनावश्यक आहे, असा त्यात स्पष्ट उल्लेख होता.

बैठकीतल्या प्रत्येकाला याचा अर्थ ठाऊक होता. बिरदेवांची नेमणूक गणिताच्या पदावर होती. गणित गेलं की पद गेलं, आणि कायम होण्याचा प्रश्नच उरला नाही.

"धायगुडे सर, तुमचं काही म्हणणं?" बाईंनी विचारलं.

एरवी त्या त्यांना बिरू म्हणत. आज 'सर' म्हटल्यावर बिरदेवांनी मान वर केली, आणि आपलं काही म्हणणं नाही असं सांगितलं. आराखड्यावर मुख्याध्यापकांची सही वीस जूनपर्यंत हवी होती. बाई म्हणाल्या, सही करण्याआधी मी एकदा वर्ग बघेन.

दुसऱ्या दिवशी त्या सातवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बरोबर एक पट्टी आणली होती, ती त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावली. मुलांना त्याची भयंकर गंमत वाटली. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून वळून बाईंचा दिवा बघत होत्या. तो हिरवा होता. हिरवा असणारच, असं बाईंना वाटलं. गणित सातवीचं होतं.

प्रांजल खांडेकर नावाची मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, उणे गुणिले उणे अधिक कसं काय होतं? 'अ'वाल्यांना एक ओळ आहे. पण ते तसं का होतं?"

बिरदेवांनी बाईंकडे बघायचं टाळलं. फळ्यावर त्यांनी (−३) × (−२) लिहिलं आणि खडू ठेवून दिला. उणे तीन म्हटल्यावर तुझ्या घरातलं काय आठवतं, एवढंच विचारलं. प्रांजलने थोडा विचार केला. घरच्या टाकीतून रोज तीनशे लिटर पाणी जातं, म्हणजे शंभराच्या मापात उणे तीन, असं ती म्हणाली.

"मग?"

"दोन दिवसांनी सहाशे कमी होणार. म्हणजे उणे सहा. पण ते अधिक दोन झालं. आपल्याला उणे दोन पाहिजे."

"मग?"

आता कुणी बोलेना. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद, वीस, तीस. छत्तीस मुलांच्या कपाळावर पिवळे दिवे. बाईंच्या जिभेवर वाक्य येऊन बसलं होतं, ते त्यांनी गिळलं. गिळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते वाक्य म्हणजे त्यांचीच ओळ होती, आणि त्या ओळीच्या मागे काय आहे हे त्यांनी सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. चाळीस सेकंद. खिडकीकडच्या मुलाने हात वर केला आणि 'परवा' असा एकच शब्द उच्चारला.

"परवा काय?" प्रांजलने त्याला विचारलं. "येणारा परवा का गेलेला परवा?"

"तेच तर. दोन्हीला परवाच म्हणतात."

वर्गात गलका झाला. कुणीतरी म्हणालं, आपल्या भाषेतच चिन्ह नाही. दुसरं म्हणालं, मग आपण देऊ की, येणारा तो अधिक परवा, गेलेला तो उणे परवा. बिरदेव फळ्याला टेकून उभे होते. त्यांनी फक्त प्रांजलकडे बघून भुवया उचलल्या. त्याचाही अर्थ 'मग?' असाच होता.

"टाकीतून रोज उणे तीन," ती बोटं मोडत सावकाश म्हणाली. "उणे परवा टाकी बघितली तर... तेव्हा सहाशे लिटर अजून गेलेलंच नव्हतं. म्हणजे आजच्यापेक्षा सहाशे जास्त. अधिक सहा."

दिवे एकेक करून हिरवे होत गेले, एकदम नाही, पाऊस उघडल्यावर पागोळ्या थांबतात तसे. पुढच्या बाकावरची मुलगी पुन्हा वळली आणि तिने मैत्रिणीला कोपराने ढोसलं. बाईंचा दिवा अजून पिवळा होता. नंतर त्यांनी नोंद काढून बघितली. चार मिनिटं दहा सेकंद त्यांची धडपड चालली होती.

कार्यालयात आल्यावर त्यांना राग आला. कुणाचा ते कळेना. रागावर त्यांचा नेहमीचा उपाय म्हणजे मोजणं. त्यांनी ऋजुताताईंना फोन लावून सातवी 'ब'ची सेकंदासेकंदाची नोंद मागवली. अहवालात फक्त बेरजा येतात, कच्ची नोंद कुणी मागत नाही, असं ऋजुताताई म्हणाल्या, पण त्यांनी ती पाठवली, आणि ती कशी वाचायची हे समजावून सांगण्यासाठी तासभर फोनवर थांबल्याही. बाईंनी त्या नोंदीतून पिवळ्या रंगाचे पाचशे तुकडे घेतले आणि प्रत्येक तुकडा कुठे संपतो ते पाहिलं. तीनशे अठ्ठावन्न हिरव्यात संपत होते, एकशे बेचाळीस करड्यात. म्हणजे दहांपैकी सात वेळा मुलं अडून, झगडून, पार पडत होती. अहवालात मात्र झगडण्याची ती सगळी मिनिटं तोट्याच्या बाजूला मांडलेली होती.

मग त्यांनी स्वतःचा वर्ग काढला. तिथे पिवळ्या तुकड्यांची संख्याच पाचशे भरेना. वर्षभरात मिळून एकशे एकोणीस.

आपल्या मुलांना काही अडत नव्हतं. हे सुख आहे की दुसरं काही, हे त्या नोंदीतून कळायला मार्ग नव्हता. मार्चची चाचणी शिकवून झाल्यावर आठवड्यात झाली होती. जूनची पायाभूत चाचणी सगळ्याच शाळा पंधरा दिवस उजळणी घेऊन मगच देत. बाईंच्या शाळेतही तशीच पद्धत होती आणि ती त्यांनीच पाडली होती. ऋजुताताईंना त्यांनी विचारलं, उजळणीच्या आधी, शाळा उघडेल त्याच दिवशी कुणी चाचणी घेतली आहे का? मग ऋजुताताई म्हणाल्या की असं कुणी केल्याचं त्यांना माहीत नाही, आणि आकडा खाली येणार हे नक्की असताना कुणी करेलही कशाला.

अण्णांना हे सांगायला बाई त्यांच्या घरी गेल्या. अण्णा माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी त्यांनी आपली जमीन दिली होती आणि शाळेचं नाव निघालं की त्यांची छाती फुगत असे. शाळा प्रकल्पात सहाव्या क्रमांकावर आली आहे, हे त्यांनी वीसेक लोकांना सांगितलं होतं. सोळा जूनला, उजळणीविना, मार्चचीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची आणि आकडे जसे येतील तसे प्रकल्पाला पाठवायचे, हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बाई, तुमचं चित्रण होणार आहे, सगळ्या राज्यात तुम्ही दिसणार आहात, त्यात तुम्ही स्वतःच खोडा घालताय, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण बाईंना ते नाही म्हणू शकले नाहीत. शेवटी त्यांनी अट घातली. त्या चाचणीत 'ब' तुकडी 'अ'च्या खाली राहिली, तर धायगुड्यांचा विषय त्याच दिवशी मिटवायचा. बाईंनी मान्य केलं.

मे महिन्यात एका सकाळी बिरदेव त्यांच्या घरी आले. हातात सातवीची वही होती. सुट्टीत बसून त्यांनी बाईंच्या पद्धतीने तासिका लिहून काढल्या होत्या. प्रत्येक प्रकरणाला एक यमक, प्रत्येक नियमाला एक ओळ.

"बाई, मी 'मग' सोडून देतो," ते म्हणाले. "तुमच्यासारखंच शिकवतो. मला दुसरीकडे नको जायला."

बाईंनी वही चाळली. ओळी चांगल्या होत्या. काही तर त्यांच्या स्वतःच्या ओळींपेक्षा बऱ्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांना हेच ऐकायचं होतं. त्यांनी वही मिटून परत त्यांच्या हातात दिली.

"बिरू, सोळा जूनपर्यंत काहीही सोडू नकोस."

"आणि सोळा जूनला मुलं नापास झाली तर?"

"मग?" बाई म्हणाल्या.

त्यांना दोघांनाही हसू आलं. नापास झाली तर काय, हे मात्र दोघांनाही माहीत होतं.

सोळा जूनला शाळा उघडली. मुलं आठवीत गेली होती. नवे गणवेश, कडक कॉलर, प्रवेशद्वारापाशी गुलाबाची फुलं. फुलं हातात घेऊन मुलं वर्गात शिरली तर बाकांवर प्रश्नपत्रिका. आठवी 'ब'त नाराजीचे सूर निघाले. आठवी 'अ'त कुणी कुरकुरलं नाही. बाईंनी प्रश्नपत्रिका ठेवली आहे म्हणजे ती सोपी असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि बाईंना ते त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता आलं.

पेपर बाईंनी स्वतः तपासले. बिरदेवांना त्यांनी शेजारी बसवून घेतलं, पण तपासायला दिले नाहीत. गठ्ठ्यातला पहिला 'अ'चा होता. पाचव्या पेपरला त्या थांबल्या. चौदावा प्रश्न होता (−३) + (−२). उत्तर उणे पाच. मुलीने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अधिक ५', आणि कडेला कारणही दिलं होतं: 'सारखं-सारखं अधिक.'

बाईंनी पुढचा पेपर घेतला. त्यातही अधिक पाच. त्याच्या पुढच्यातही. ओळ कुणीही विसरलं नव्हतं. ती गुणाकाराची आहे, बेरजेची नाही, एवढंच विसरलं होतं, आणि ते आठवायला ओळीच्या मागे काहीच नव्हतं. सदतीसपैकी बावीस मुलांनी अधिक पाच लिहिलं. मार्चमध्ये हाच प्रश्न तिघांचा चुकला होता.

बिरदेव खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी 'ब'चा गठ्ठा ओढला. तिथे अक्षरं वाईट होती, खाडाखोड भरपूर, काही उत्तरं तीन ओळींच्या कथेसारखी. चौदाव्या प्रश्नाला एकाने लिहिलं होतं की काल तीनशे गेलं आणि आज दोनशे गेलं, तर टाकी कशाला भरेल, उणे पाच. छत्तीसपैकी पाचजण चुकले होते. प्रांजलचा पेपर बाईंनी दोनदा वाचला. तिने एका प्रश्नाचं उत्तर चुकवलं होतं, आणि खाली स्वतःच 'मग?' लिहून, दुसऱ्या बाजूने ते पुन्हा सोडवून बरोबर केलं होतं.

सरासरी काढली. 'अ' मार्चमध्ये एक्क्याऐंशी, आता एकोणपन्नास. 'ब' मार्चमध्ये चौसष्ट, आता बासष्ट. बेरीज बाईंनी पुन्हा खालून वर केली. तीच आली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट वाटलं, ते त्या लपवू शकल्या नाहीत. पण त्या वाईट वाटण्याच्या बरोबरीने दुसरंही काही वर येत होतं, आणि ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. बिरूचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी, पत्र्याच्या खोलीच्या दारात उभं राहून, त्यांना असंच वाटलं होतं.

"बाई," बिरदेव म्हणाले, "पाणी आणू का?"

"पाणी नको. 'ब'चे पेपर उचल आणि शिक्षकखोलीत नेऊन सगळ्यांना दाखव. खाडाखोडीसकट."

संध्याकाळी अण्णा आले. आकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण ते खुर्चीत खोलवर बसले. त्यांनी एक तोडगा सुचवला. धायगुड्यांना गणितावर राहू द्या, त्याबद्दल आता वाद नाही. पण प्रकल्पाला मार्चचेच आकडे पाठवा. जूनचे आपल्याजवळ राहू देत. शाळा सहावीच राहील, तुमचं चित्रणही होईल.

"अण्णा, माझ्या तासिका दोनशे चौदा शाळांत दाखवल्या," बाई म्हणाल्या, "तर या बावीस चुकलेल्या मुलांचे किती हजार होतील, ते तुम्हीच मोजा."

"पण नाव जाईल बाई. 'अ' तुकडी तुमची आहे. लोक तुम्हाला बोलतील."

"दोन्ही तुकड्या माझ्या आहेत. बिरूही माझाच आहे. त्याने माझ्यापुढे जाऊन दाखवलंय, आणि ते मी कपाटात ठेवू म्हणता?"

अण्णांनी ते दोन आकडे पुन्हा वाचले. मग त्यांनी विचारलं की 'ब'च्या मुलांचे पेपर आपल्याला घरी नेता येतील का, वाचायला. त्यातला टाकीवाला पेपर त्यांनी वरच ठेवून घेतला.

आराखडा एकोणीस जूनला गेला. बाईंनी संगणकाने सुचवलेली पानं बाजूला ठेवून तो हाताने लिहिला. धायगुडे सर गणितावर कायम राहावेत, अशी शिफारस. हिरव्या मिनिटांऐवजी, पिवळ्यातून हिरव्यात गेलेले तुकडे मोजावेत. उजळणी पंधरवडा बंद. चित्रणाला नकार. आणि मुख्याध्यापिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी आठवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर बसतील आणि बाकीचे दिवस आठवी 'अ'ला शिकवतील. ऋजुताताईंनी तो वाचून फोन केला. त्यांना यातला दुसरा मुद्दा प्रकल्पाच्या बैठकीत स्वतःच्या जबाबदारीवर मांडायचा होता. बाईंनी त्यांना कच्च्या नोंदीतले ते पाचशे तुकडेही पाठवून दिले.

शाळा सहाव्या क्रमांकावरून अठ्ठ्याऐंशीव्या क्रमांकावर गेली. किराणा दुकानदाराने बाईंना थांबवून विचारलं, हे कसं झालं. बाईंनी मान ताठ ठेवून सांगितलं, मोजलं म्हणून झालं.

आठवी 'अ'ला नव्याने शिकवणं त्यांना वाटलं त्यापेक्षा कठीण गेलं. पहिल्या दिवशी एका मुलीने उत्तर दिलं, बाईंनी मोठ्या हिमतीने "मग?" म्हटलं, आणि सवयीने सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "होऽऽ बाई." बाईंचा वर्ग बघायला शेवटच्या बाकावर येऊन बसलेल्या बिरदेवांनी वहीत तोंड लपवलं. दुसऱ्या आठवड्यात दोन पालक तक्रार घेऊन आले की बाई आता सांगेनाशा झाल्या आहेत. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि कुठला परवा अधिक आणि कुठला उणे हे विचारून तासभर बसवून घेतलं. श्रावणात पहिल्यांदा वर्गातली शांतता पन्नास सेकंद टिकली आणि बाईंनी ती मोडली नाही. त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला ते पन्नास सेकंद करून दाखवले. चौदाव्या सेकंदाला नवऱ्याने टीव्हीचा रिमोट उचलला.

दिवाळीच्या सुमारास 'अ'ची पिवळी मिनिटं 'ब'च्या पुढे गेली. बिरदेव म्हणाले की हे बाईंचं अति होतंय. बाईंना ते ऐकायला फार आवडलं. फेब्रुवारीत बिरदेवांना कायम केल्याचं पत्र आलं. अण्णांनी ते स्वतः आणून दिलं आणि वर्गात येऊन, मुलांसमोर वाचलं.

मार्चमध्ये आठवीच्या दोन्ही तुकड्यांची वार्षिक चाचणी झाली. मुलं त्र्याहत्तर, सरासरी गुण एकोणसत्तर. त्यानंतर एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे साताऱ्याला गेली. सोळा जूनला, शाळा उघडली त्या दिवशी, कसलीही उजळणी न घेता उरलेल्या बहात्तर मुलांना तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली. सरासरी गुण सदुसष्ट.